रुब्रिक लिहिताना विशेषणं टाळा

रुब्रिक म्हणजे गुण देण्याचा तक्ता: आडव्या ओळीत निकष, उभ्या रकान्यात पातळ्या, आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीचं वर्णन. बीए तिसऱ्या वर्षाच्या मुलांना असाइनमेंट द्यायची आहे असं धरू: दांडिया बाजारातल्या चाळीस दुकानांच्या पाट्या टिपून बडोद्याच्या मराठीबद्दल दोन हजार शब्दांचा अहवाल लिहायचा. इंटर्नलचे गुण 20.

आधी निष्पत्ती, म्हणजे असाइनमेंटनंतर मुलांना काय करता आलं पाहिजे ते, एका वाक्यात लिहा, आणि क्रियापद दिसेल असं घ्या. 'भाषिक बदल समजेल' हे तपासता येत नाही. 'गोळा केलेल्या नोंदींवरून भाषिक बदलाबद्दलचं विधान सिद्ध करील' हे तपासता येतं. त्या वाक्यातूनच निकष काढा: पुरावा, अर्थ लावणं, मांडणी, भाषा. चारच पुरेत. आठ निकष केले की तिसाव्या अहवालापर्यंत तपासणारा अंदाजाने आकडे टाकू लागतो.

पातळ्याही चारच ठेवा. पाच केल्या तर निम्मा वर्ग मधल्या तीनवर जाऊन बसतो.

खरी मेहनत प्रत्येक चौकटीतल्या मजकुराची. 'उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक' लिहिलं तर रुब्रिक केलीच नाही असं समजा. दोन प्राध्यापकांचं 'चांगले' कधीच एक नसतं. कागदावर काय दिसेल ते लिहा. 'पुरावा' या निकषाचं उदाहरण:

4: प्रत्येक विधानामागे पाटीची नोंद किंवा फोटो आहे, विधानाला छेद देणारी पाटीही घेऊन तिचा विचार केला आहे.
3: मुख्य विधानांना नोंदी आहेत, न जुळणाऱ्या पाट्या वगळल्या आहेत.
2: नोंदी आहेत, पण नुसती यादी, कोणत्या विधानासाठी ते कळत नाही.
1: विधानं आहेत, नोंदी नाहीत.

तीन आणि चारमधला फरक एका पाटीवर कळतो. लिपी गुजराती, आडनाव मराठी. 'मराठी पुसली गेली' म्हणणारा विद्यार्थी ही पाटी गाळत असेल तर तीन. ती समोर ठेवून 'लिपी गेली, नाव राहिलं' असा मुद्दा काढत असेल तर चार. 'किमान दहा फोटो' अशी अट मात्र पातळीत घालू नका. मुलं दहा फोटो चिकटवतात आणि आपल्याला चार द्यावे लागतात.

एका ओळीत दोन गोष्टीही नकोत. 'शुद्धलेखन आणि युक्तिवाद' एकत्र केलेत तर युक्तिवाद पक्का पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेल्या मुलीला कुठे बसवणार?

पुराव्याचं वजन दुप्पट करा, बाकीच्यांचं एकपट. कमाल बेरीज 8 अधिक 4, 4, 4, म्हणजे नेमके 20. सगळीकडे 1 मिळाला तरी 5 गुण होतात, म्हणून अहवाल न देणाऱ्यासाठी शून्य वेगळं लिहून ठेवा.

रुब्रिक वापरण्याआधी दोन प्राध्यापकांनी ती घेऊन मागच्या वर्षीचे सहा अहवाल एकमेकांशी न बोलता तपासावेत. सहा गुणिले चार, म्हणजे चोवीस जोड्या. सतरा-अठरा ठिकाणी आकडा तंतोतंत जुळला तर चालेल. एका पातळीचा फरक सोडून द्या. दोनचा पडला तर गुणांवर वाद घालू नका, चौकटीतली ओळ दुरुस्त करा. हा तास बहुतेक विभाग वाचवतात आणि मग निकालाच्या दिवशी भांडतात.

रुब्रिक असाइनमेंटसोबतच मुलांच्या हाती द्या. तपासताना दहा-दहाचे गठ्ठे करून एका गठ्ठ्यात आधी सगळ्यांचा पुरावा, मग सगळ्यांचं अर्थ लावणं, असं चला. नाहीतर सुरेख भाषेचा अहवाल पुराव्यातही गुण ओढून नेतो.

निष्पत्तीचा हिशेब बेरजेवरून करू नका. पुराव्यात 1 आणि बाकी 4, 4, 3 मिळवणाऱ्याचे 13 होतात, म्हणजे 65 टक्के, आणि त्याने एकही विधान सिद्ध केलेलं नसतं. प्रत्येक निकषात किती जण 3 किंवा वर आहेत ते वेगळं मोजा. तीस जणांत पुराव्याला बाराच निघाले तर 40 टक्के. पुढच्या वर्षी बाजारात पाठवण्याआधी एक तास वर्गात फक्त दहा पाट्यांच्या फोटोंवर घालवा, आणि त्यांतल्या दोन मुद्दाम न जुळणाऱ्या ठेवा.