वाईन बनवायला शिकायचंय? आधी एक हंगाम सेलरमध्ये काढा

वाईन शिकायला परदेशी जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला वाईन विकायचीय की बनवायचीय? हॉटेल, आयात, विक्री या बाजूला जायचं असेल तर लंडनच्या डब्ल्यूएसईटी या वाईन-शिक्षण संस्थेच्या परीक्षांपासून सुरुवात करता येते, आणि त्या मुंबईतही देता येतात. २०१६ साली भारताच्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन (या क्षेत्रातला सर्वात मानाचा किताब) झालेल्या सोनल हॉलंड यांचं नाव या वाटेवर सतत कानावर पडेल.

पण टाकीशेजारी उभं राहून वाईन बनवायची असेल, तर व्हिटिकल्चर (द्राक्षशेती) आणि ईनॉलॉजीची (वाईन बनवण्याचं शास्त्र) पदवीच घ्या. जर्मनीत गायझेनहाइम, अमेरिकेत डेव्हिस, फ्रान्समध्ये बोर्दो आणि माँपेलिए, न्यूझीलंडमध्ये लिंकन ही मोठी नावं. मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला गेले. वाईनसाठी नावाजलेली बरोसा व्हॅली तिथून तासाभराच्या अंतरावर, मॅक्लारेन व्हेल त्याहून जवळ, आणि वाईन संशोधन संस्था थेट कॅम्पसवर. वर्गात ऐकलेलं त्याच आठवड्यात बागेत बघायला मिळायचं.

घरी 'दारू शिकायला एवढा खर्च?' हा प्रश्न येणारच. मी वडिलांना अभ्यासक्रमच वाचून दाखवला : माती, पाणी, वेलीचे रोग, सेंद्रिय रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाला आणखी काही समजावावं लागलं नाही. तुमचं रसायनशास्त्र कच्चं असेल तर निघण्यापूर्वीच बारावीची पुस्तकं पुन्हा काढा. पीएच, आम्लता आणि सल्फर डायऑक्साइडचं गणित रोज लागतं.

खरं शिक्षण मात्र हंगामात होतं. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्या काळात वायनऱ्या सेलर हँड, म्हणजे वाईन बनते त्या सेलरमधले हंगामी कामगार, घेतात, पाळी बारा तासांची असते आणि त्यातला निम्मा वेळ धुण्यात जातो. टाक्या, होज, प्रेस, फरशी. लाल वाईनमध्ये फर्मेंटेशन (रस आंबणं) सुरू झालं की साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. तो कोरडा पडला तर रंग उतरत नाही आणि वर व्हिनेगरचा वास धरतो, म्हणून खालचा रस पंपाने उचलून दिवसातून दोन-तीनदा त्यावर सोडायचा. थराला हात लावला की तो तळच्या रसापेक्षा स्पष्ट गरम लागतो. मग बोमे (रसातल्या साखरेचं माप) मोजायचा, तापमान लिहायचं, पुढची टाकी. एक बोमे म्हणजे ढोबळमानाने एक टक्का अल्कोहोल, हे तिथे तोंडपाठ होतं.

रिकाम्या केलेल्या टाकीत चोथा उपसायला उतरण्याआधी हवा मीटरने तपासल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय आत पाय टाकू नका. फर्मेंटेशनमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि त्याने जगभरात सेलरमधली माणसं दगावली आहेत. कुणी घाई करायला लावली तरी थेट नाही म्हणा.

बागांचीही एक शिस्त आहे. साऊथ ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड अजून शिरलेली नाही, म्हणून १८४० च्या दशकातल्या शिराझ या लाल वाईनच्या द्राक्षाच्या वेली बरोसात आजही फळ देतात. त्या जपायच्या म्हणून एका भागातून दुसऱ्या भागात जाताना बूट निर्जंतुक करायला लावतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, आपल्याकडे ती यायलाच हवी.

परत यायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा. तिकडे वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि मुख्य छाटणी एकदाच होते. नाशिकला वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), मग सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), आणि तोडणी जानेवारी ते मार्च. तिकडचं कॅलेंडर इथे जसंच्या तसं चालत नाही, कारणं मात्र चालतात. उष्णतेत मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं, हे कळलेला माणूस साखर पुरेशी झाली म्हणून खूश होत नाही. तो पीएच बघतो आणि भल्या पहाटे तोडणी लावतो.

चव ओळखण्याबद्दल थोडंसं. ब्लॅककरंट, गूसबेरी ही फळं आपल्या तोंडातली नाहीत, त्यामुळे वर्गात सुरुवातीला मागे पडल्यासारखं वाटतं. बाजारातून आणा, हुंगा, खा, लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत नाक तयार होतं.

आणि नोकरीचं. फेब्रुवारीच्या हंगामाच्या जाहिराती आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासून यायला लागतात, डिसेंबरमध्ये शोधाल तर बऱ्याच जागा भरलेल्या असतात. वायनऱ्या गावाबाहेर असतात, बस नसते, तेव्हा गाडी चालवण्याचा परवाना हवाच. फोर्कलिफ्टचा असेल तर अर्ज वर जातो. जाण्याआधी नाशिकच्या एखाद्या वायनरीत एक तोडणी केलेली असेल, तर अर्जात ती पदवीच्या वरच्या ओळीत लिहा.