कोकणात वर्कशॉपला स्प्लिट एसी घेताय? या चुका टाळा

एसी घ्यायला गेलं की सगळे आधी टन विचारतात, मग स्टार, मग ऑफर. पण हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण असल्या किनारपट्टीला वर्कशॉपसाठी एसी बघत असाल तर त्याच्या आधी दोन गोष्टी बघा, हवेतला ओलावा आणि खारं वारं. आपल्याकडचे बरेचसे एसी उकाड्यामुळे नाही तर या दोघांमुळे वाया जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खी शेड थंड करायला जाणं. वर पत्रा, समोर रोलिंग शटर, भिंतीवर जाळी, आणि आत दोन टनाचा एसी. शटर दर दहा मिनिटांनी वर जाणार, बाहेरची दमट हवा आत येणार, एसी बिचारा दिवसभर त्या हवेतलं पाणीच काढत बसणार आणि गारवा काही लागणार नाही. त्यापेक्षा ज्या कामाला खरंच गरज आहे, म्हणजे जोडणी, शिलाई, मोबाईल किंवा बोर्ड रिपेअरिंग, त्याच्यासाठी शेडमध्येच एक खोली काढा, वर सीलिंग करा, पत्रा आणि सीलिंग यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवा आणि दाराला क्लोजर लावा. एवढा खर्च आधी केलात तर एसी लहान लागतो. चिऱ्याची भिंत असेल तर बाहेरून गिलावा करून घ्या, उघडा चिरा पावसाळाभर पाणी पितो आणि तीच ओल आत येते.

टनाचं गणित दुकानात नुसत्या क्षेत्रफळावर सांगतात, ते घराच्या बेडरूमला ठीक आहे. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. आता १ एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, ती खोलीत चालू असेल तर तिने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन पडते. २ एचपीचं मशीन फुल लोडवर चाललं तर जवळपास अर्धा टन त्यातच गेला. त्यामुळे मशीन किती, माणसं किती, वर पत्रा की स्लॅब, पश्चिमेचं ऊन येतं का, हे सगळं लिहून घेऊन मगच दुकानात जा.

आणि याच्या उलट चूकही तितकीच होते, "मोठाच घेऊन टाकू, लवकर गार होईल". होतं ना, लवकर गार होतं, आणि तिथेच घोळ होतो. एसी हवेतलं पाणी काढतो ते आतली कॉइल, म्हणजे गॅसच्या नळ्यांची जाळी, थंड राहून त्यावरून हवा जात असेल तेव्हाच. मोठा एसी पाच मिनिटांत सेट केलेल्या तापमानाला पोचतो आणि बंद पडतो, पाणी हवेतच राहतं, खोली गार पण चिकचिकीत. म्हणून इन्व्हर्टर एसीच घ्या, तो कॉम्प्रेसर हळू करून चालत राहतो, पण तोही अवाच्या सवा मोठा घेतला तर त्रास तोच.

हे सावंतवाडी, कुडाळकडच्या लाकूडकाम करणाऱ्यांना जास्त सांगतोय. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड हळूहळू १७-१८ टक्के ओलाव्याला जाऊन थांबतं, ५० टक्के असेल तर ९ च्या आसपास. म्हणजे जुलैत उघड्या शेडमध्ये जोडलेला दरवाजा पुण्यामुंबईच्या एसी ऑफिसात गेला की आकसणार, जोड उघडणार. पण मग एसीने लाकूड सुकवू म्हणाल तर पावसाळ्यात बाहेरच २६ अंश असतं, एसीला काम असं उरतच नाही आणि ओलावा तसाच. चार महिने लाकूड, कापड, चामडं सांभाळायचं असेल तर वेगळा डीह्युमिडिफायर घ्या, तो खोली थोडी गरम करतो पण पाणी नक्की काढतो. आणि पन्नाससाठ रुपयांचा नाही, जरा बरा आर्द्रतामापक भिंतीला लावा, अंदाजाने काही कळत नाही.

पॉलिश आणि थिनरचं काम एसीच्या बंद खोलीत अजिबात करू नका! स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तीच हवा फिरवतो. वाफ साचते, डोकं धरतं, एक ठिणगी पडली तर आग, आणि कॉइलच्या तांब्यालाही त्या वाफा चांगल्या नसतात. पॉलिशला वेगळी जागा आणि एक्झॉस्ट फॅन. भुसा उडतो तिथेही तेच, डस्ट कलेक्टर नसेल तर फिल्टर आठवड्याला धुवावा लागेल, नाहीतर बारीक भुसा आत ब्लोअरवर बसून दमट हवेत त्याचा लगदा होतो.

हॉट अँड कोल्डचे, म्हणजे थंडीत खोली गरमही करणाऱ्या एसीचे, जास्त पैसे देऊ नका. किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा साधारण १८-२० च्या खाली फारसा जात नाही. तेच पैसे चांगली कोटिंग असलेल्या तांब्याच्या कॉइलवर घाला.

आता आऊटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट. समुद्राकडे तोंड करून लावलं की खार कॉइलवर बसतो, तिच्या बारीक पत्र्या झडायला लागतात. इमारतीच्या आडोशाला, जमलं तर पूर्वेच्या बाजूला लावा, पण कोंडून नको. पागोळीखाली तर नकोच. जांभ्याच्या चिऱ्यात साधे फास्टनर धरत नाहीत, आरपार बोल्ट आणि मागून प्लेट लावा किंवा सरळ जमिनीपासून दीड फूट उंच ओटा बांधा. पत्र्यावर स्टँड ठोकू नका, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडकडे छपरंच्या छपरं उडालेली सगळ्यांनी बघितलीत. स्टँड स्टेनलेसचा घ्या, आणि पाऊस नसेल तेव्हा महिन्यातून एकदा मेन बंद करून कॉइलवर साध्या गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, प्रेशर वॉशर नको.

"गॅस संपलो" असं दरवर्षी सांगणारा मेकॅनिक असेल तर त्याला थांबवा. गॅस वापरून संपत नाही, तो कुठूनतरी गळतो, आणि गळती आपल्याकडे बहुतेक खाऱ्या हवेने खाल्लेल्या जॉइंटला किंवा कॉइललाच असते. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधायला सांगा, मग व्हॅक्यूम पंप लावायला सांगा, मगच गॅस. बसवतानाही पंपाशिवाय नुसता गॅस सोडून लाईन साफ करणाऱ्याला तसं करू देऊ नका, आत ओली हवा राहिली तर कॉम्प्रेसरचं तेल खराब होतं. कॉइलवर बर्फ धरत असेल तर आधी फिल्टर बघा, मग गॅस.

आत पाणी टपकतंय? ड्रेन पाईपचा उतार बघा, टोक बालदीतल्या पाण्यात बुडलेलं नको, आणि आत शेवाळ किंवा मुंग्या असतील तर फुंकून काढा.

वीज. स्टॅबिलायझर नको असं कंपनी म्हणते ते ठराविक व्होल्टेजपुरतंच, तो आकडा वाचा आणि दुपारी वेल्डिंग चालू असताना मीटर लावून आपलं व्होल्टेज मोजा. वेगळी लाईन, वेगळा एमसीबी (जास्त लोडला आपोआप पडणारा स्विच), आणि कातळावर शेड असेल तर अर्थिंग मोजून घ्या, कातळात ते सहज मिळत नाही. लाईट गेली की एसीचा एमसीबी खाली करून ठेवा, आली की जरा वेळाने वर. स्टार लेबलवरची वर्षाची युनिट १,६०० तास धरून काढलेली असतात, तुमचं वर्कशॉप दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल तर तेच २,४०० तास होतात, तेव्हा बिलाचा हिशेब त्यावर करा आणि मगच ३ स्टार की ५ स्टार ते ठरवा.