आण्णांचा आकडा

निपाणीतल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसते. नाव लिहून घ्यायचं, पैसे घ्यायचे, आणि ‘गर्भलिंग सांगितलं जात नाही’ या कानडी पाटीखाली बसलेल्या सत्तरीच्या आजोबांना विचारायचं, “चहा पिऊन आलाय का?” बहुतेक जण पिऊनच आलेले असतात.

पोटातली मोठी रक्तवाहिनी कुठं फुगलीय का, हे बघायच्या सोनोग्राफीबद्दल सांगायचंय, म्हणून चहापासूनच सुरुवात करते. ही रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, आतड्यांच्या मागं मणक्याला लागून असते. आतड्यात हवा धरली की मशीनला पलीकडचं दिसत नाही. तेव्हा सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. आदल्या रात्री पावटा, हरभरा नको. मऊ भात खाऊन झोपा. सकाळी चहा नाही, विडी तर नाहीच, कारण झुरक्याबरोबर हवाही गिळली जाते. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी घ्यायचं का, हे डॉक्टरांना आधी विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागा. मी तरी देते.

नेहमीचा घोळ लघवीचा. प्रोस्टेट बघायला लघवी तुंबवून यावं लागतं, महाधमनीला त्याची गरज नाही. दोन्ही एकाच दिवशी असेल तर साधं पाणी प्या, दुसरं काही नको.

आता महाधमनीची ही तपासणी कुणी करून घ्यायची? पासष्टी ओलांडलेले पुरुष, त्यातही विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढत असलेले. सोडून वीस वर्षं झाली असली तरी तुम्ही यादीत आहातच. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना महाधमनीचा फुगवटा असेल तर डॉक्टरांशी लवकर बोला. इंग्लंडमध्ये पुरुषाला ६५व्या वर्षी सरकारच तपासणीला बोलावतं. आपल्याकडं असं पत्र कुणी पाठवत नाही, आणि आपलं गाव तर तंबाखूचं! माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वखारीत कामाला होते. चाळीस वर्षं विडी ओढली.

आण्णा म्हणायचे, “पोटाची सोनोग्राफी दोनदा झालीय की माझी.” झाली होती, खरं. पित्ताशयासाठी एकदा, मुतखड्यासाठी एकदा. दोन्ही रिपोर्ट मी ट्रंकेतून काढून वाचले. लिव्हर होतं, किडन्या होत्या, महाधमनीचा शब्दही नव्हता. ज्यासाठी पाठवलं तेवढंच बघितलं होतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं सांगते: चिठ्ठीवरच डॉक्टरांकडून ‘महाधमनीचा व्यास मोजावा’ असं लिहून घ्या. रिपोर्ट हातात आला की काउंटर सोडायच्या आत आकडा शोधा. नसेल तर परत आत पाठवा. माझ्यासारखीला राग येईल, येऊ दे.

आतलं काम पाच-दहा मिनिटांचं. उताणं झोपायचं, छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत गार जेल लावतात आणि जरा दाबून बघतात. सुई नाही, एक्स-रेची किरणं नाहीत. हवेनं दिसलं नाही तर कुशीवर वळवतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलावतात.

आकडा वाचताना मिमी आणि सेंमी बघा. ३४ मिमी वाचून एका बाईंनी काउंटरवरच रडायला सुरुवात केली होती. साधारण व्यास २ सेंमीच्या आसपास असतो. ३ च्या आत आला तर पासष्टीनंतर सहसा पुन्हा करावी लागत नाही. ३ किंवा जास्त म्हणजे फुगवटा. इंग्लंडच्या पद्धतीत ४.४ पर्यंत वर्षातून एकदा मोजतात, ४.५ ते ५.४ असेल तर दर तीन महिन्यांनी. ५.५ ला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं जायचं. बायकांत त्याच्या थोडं आधीच. तुमचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. एक-दोन मिमीचा फरक मोजणाऱ्याच्या हातानंही पडतो, म्हणून जुने रिपोर्ट दर खेपेला बरोबर न्या.

हा फुगवटा बहुतेकदा दुखत नाही, हीच त्याची खोड. पण फुगवटा आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली, घाम फुटला, भोवळ आली, तर तेल चोळत बसू नका. मुतखडा समजून थांबूही नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: “पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली आहे.” रिपोर्ट पुढं करा. कोल्हापूर की बेळगाव, कुठं रक्तवाहिन्यांचा सर्जन असतो याची चौकशी मात्र धडधाकट असतानाच करून ठेवा. त्या रात्री फोन फिरवत बसायला वेळ नसतो.

आण्णांचा आकडा ३.४ आला. “म्हणजे पास का नापास?” त्यांनी विचारलं. विडी सुटली, तीही तिसऱ्या खेपेला. बीपीची गोळी मी समोर उभी राहून देते. पुढच्या दिवाळीनंतर ३.५ आला. यंदाचा नंबर मंगळवारी सकाळी साडेसातचा आहे, आणि सोमवारी रात्री घरात पावट्याची आमटी होणार नाही म्हणून ते आत्तापासूनच रुसलेत.