एएफ, पालेभाजी आणि माझी लाल वही

लालबागला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला तवा चढतो आणि अकरापर्यंत साठ-पासष्ट डबे बाहेर पडतात. चार वर्षांपूर्वी करी रोड स्टेशनचा जिना चढताना निम्म्यात थांबावं लागायला लागलं. वाटलं, वजन वाढलंय. मग रात्री आडवं झालं की छातीत धडधडायचं, शिट्टी होण्याआधी कुकरचं झाकण थडथडतं ना, तसं. एका डॉक्टरांनी "गॅस आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणत दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. शेवटी नर्स असलेल्या माझ्या भाचीने माझं मनगट धरलं, मिनिटभर घड्याळाकडे बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, उद्या केंद्र बंद. ईसीजी काढायचा."

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. आता सगळे एएफच म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरत राहतात. त्यामुळे रक्त तिथे साचतं, साचलं की गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. धडधड हा त्रास झाला, धोका गुठळीचा आहे. हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगते.

आधी विचारा: माझ्या झडपा कशा आहेत?

एएफ कळलं की 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतातच. त्याचा कागद घरी आणून नुसता फाइलला लावू नका, डॉक्टरांना विचारा. माझ्या इकोत मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झालेली दिसली. लहानपणी गावी घसा धरून सांधे सुजले होते, महिनाभर शाळा बुडली होती. ऱ्हुमॅटिक फीवर होता तो, घसा धरल्यावर येणारा आणि पुढे झडपा खराब करणारा ताप. आईने निर्गुडीचा शेक दिला आणि आम्ही विसरून गेलो. पन्नास वर्षांनी झडपेने आठवण करून दिली.

झडप अशी बरीच अरुंद असेल किंवा धातूची बसवलेली असेल, तर रक्त पातळ करायला जुनीच गोळी लागते: वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारोल. नव्या गोळ्या चालत नाहीत. मीही डॉक्टरांशी वाद घातला होता की मला ती सारखं रक्त तपासायला न लागणारी नवी गोळी द्या. तेव्हा भाचीने समजावलं. माझ्यासारख्या ऱ्हुमॅटिक झडपेच्या साडेचार हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2022 साली तिचे निकाल आले आणि त्यात जुन्या गोळीवरचे लोक कमी दगावले. मग मी गप्प बसले.

झडपा ठीक असतील तर बहुतेकांना डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबान यांपैकी एक देतात. ती द्यायची की नाही, हे ठरवताना वय, बीपी, डायबेटिस, आधीचा स्ट्रोक, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांचे गुण मोजतात. पंचाहत्तरी ओलांडली की दोन गुण, आधी स्ट्रोक झाला असेल तरी दोन. "माझे गुण किती?" एवढं विचाराच. आणि हो, ॲस्पिरिन म्हणजे या गोळ्यांना स्वस्तातला पर्याय नव्हे. गुठळी अडवायला ती कमी पडते आणि रक्तस्राव व्हायचा तो होतोच.

गोळीची वेळ

माझी गोळी संध्याकाळी सहाला. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच संध्याकाळी बदलता येतो, म्हणून ही वेळ. माझा आकडा 2 ते 3 मध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

गोळी घेतली की लाल वहीत बरोबरची खूण करते. ही वही मुळात उधारीची. डावीकडच्या पानावर कोणाचे किती बाकी, उजवीकडे माझं रक्त. खूण नसेल आणि त्याच दिवशी आठवलं, तर घेते. दुसऱ्या दिवशी आठवलं, तर चुकली म्हणून लिहून ठेवते, पण दोन एकदम कधीच घेत नाही. एकादशीलाही घेते. गोळीने उपास मोडत नाही, हे मी सासूबाईंनाही पटवून दिलंय.

एकदा एका दुकानदाराने 2 मिलिग्रॅमच्या जागी 1 ची पट्टी दिली. रंग, आकार जवळपास सारखाच. चार दिवसांनी वहीत पट्टीवरचा आकडा उतरवताना लक्षात आलं. तेव्हापासून पट्टी काउंटरवरच उलटी करून चष्मा लावून वाचते, मागे रांग कितीही कुरकुरो.

पालेभाजी सोडायची नाही, मोजायची

हा माझ्या धंद्याचा विषय, त्यामुळे इथे जरा बसते.

जुनी गोळी व्हिटॅमिन केच्या विरुद्ध काम करते आणि व्हिटॅमिन के भरलेलं असतं हिरव्या पानांत: पालक, मेथी, माठ, अळू, शेपू, मुळ्याचा पाला, कोथिंबीर. गोळी सुरू झाली तेव्हा कोणीतरी सांगितलं, पालेभाजी बंद. दोन महिने मी दुधी, दोडका, वांगं आणि लाल भोपळ्यावर काढले. आकडा छान बसला. मग श्रावण आला. केंद्रात रोज अळूवड्या, अळूचं फदफदं, मेथीचे मुठे. विळीवर बसून जुड्याच्या जुड्या चिरायच्या आणि तोंडात काही टाकायचं नाही, हे कोणाला जमतं? चवीपुरतं म्हणत दहा दिवस रोज खाल्लं. आयएनआर 2.6 चा 1.5 झाला.

डॉक्टर रागावतील वाटलं. त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही भाजी सोडलीच का?" त्यांचं म्हणणं साधं होतं: तुम्ही नेहमी जेवढं खाता त्यावर मी डोस बसवतो, तुम्ही एक महिना शून्य आणि दुसऱ्या महिन्यात डोंगर केलात तर मी कशावर बसवू?

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. सोमवार, बुधवार, शनिवार शिजलेली पालेभाजी, एक वाटी. वाटी म्हणजे आमटीची ती स्टीलची, दरवेळी तीच. बाकीचे दिवस फळभाजी, उसळ. कोथिंबीर वरून भुरभुरायची तेवढी चालते, पण कोथिंबीरवडी म्हणजे पालेभाजीच, तिची वाटी त्या दिवशीच्या हिशोबात धरायची. गौरीच्या नैवेद्याला किंवा ऋषिपंचमीच्या भाजीला नाही म्हणत नाही, त्या आठवड्यात एक वार कमी करते. कडक उपास मात्र सोडला. दिवसभर पोटात काही नसलं की आकडा उलट वर पळतो.

डोस बदला की जेवण, परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. आज पालक खाल्ला म्हणून उद्या लॅबमध्ये धावू नका.

आता गंमत ऐका. माझ्याकडे महिन्याचा डबा असलेले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनाही एएफ. एक दिवस फोन आला, "ताई, माझ्या डब्यात पालक-मेथी नको. तुम्हीच सांगितलंत ना, आपल्याला चालत नाही." मी म्हटलं, "सर, गोळीचं नाव वाचा." ॲपिक्सॅबान निघाली. म्हणजे भाजीचा काही संबंधच नाही, सहा महिने बिचारे उगाच भोपळा खात होते. वर बोलता बोलता कळलं की बरं वाटतंय म्हणून रात्रीची गोळी अधूनमधून सोडतात. मी चांगलीच झापली त्यांना, शिक्षक असले म्हणून काय झालं. या नव्या गोळ्यांचा असर बारा-चोवीस तासांत उतरतो. भाजीची मोकळीक आहे, वेळेची नाही. रिव्हारोक्सॅबानचा 15 किंवा 20 चा डोस असेल तर भरल्या पोटी घ्यायचा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि तिच्या मूळ पाकिटातून काढून डबीत भरायची नाही. किडनीची तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच, डोस तिच्यावरही अवलंबून असतो.

बाटलीतून येतं ते

जावईबापूंनी दुबईहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या, "हृदयाला चांगल्या." शेजारणीने अर्जुनसालीची पूड दिली. एका गिऱ्हाइकाने हळदीच्या गोळ्या. मी सगळ्या पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. तुम्हीही हेच करा, नावं सांगू नका, बाटल्याच दाखवा.

माशाचं तेल मोठ्या मात्रेत घेतलं तर एएफ वाढतं असं चाचण्यांत दिसलंय, वर रक्तही पातळ करतं. बांगडा खायला मात्र कोणी अडवलं नाही. हळद, लसूण, जिन्को नावाच्या झाडाचा पाला यांच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला गेल्या की रक्तस्रावाची भीती. अर्जुनही विचारल्याशिवाय नाही. ज्येष्ठमधाचा काढा मी घसा बसला की प्यायचे. तो रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं, आणि मी ठोके आवरायची डिगॉक्सिन गोळी घेते, तिचा विषार त्याने चढू शकतो. मॅग्नेशियम रक्तात कमी असेल तर द्यावं लागतं, नसेल तर बाटली विकत घ्यायचं काही कारण नाही, आणि किडनी नाजूक असेल तर ते अंगात साठतं. मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर व्हिटॅमिन के आहे का तेवढं बघा.

मी माझ्यापुरता नियम केलाय: फोडणीत, चटणीत जेवढं पडतं तेवढं खायचं, बाटलीत भरून आलं की आधी विचारायचं. 'कमी सोडियमचं' मीठही यातच धरते, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते जड जातं. साधं मीठच कमी करा. पापड, लोणचं, सुकट हे माझे तीन शत्रू, पैकी दोन मी स्वतःच विकते.

चहा सोडावा लागला नाही. दारूचा माझा प्रश्न नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी जमेल तितकी लवकर सोडावी, ती एएफला थेट चिथावते. वजन उतरवल्यानेही एएफचे झटके कमी होतात. झोपेत जोरात घोरत असाल आणि मधेच श्वास अडकत असेल तर तेही सांगा. थायरॉइडची तपासणी तर सुरुवातीलाच करून घ्या.

दुखलं-खुपलं तर

पावसाळ्यात पोट बिघडलं. फॅमिली डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं, मी रक्ताच्या गोळीचं बोललेच नाही. पाचव्या दिवशी दात घासताना बेसिनमध्ये लाल थुंकी, दंडावर जांभळा डाग. आयएनआर 4.8. डॉक्टरांनी गोळी थांबवायला लावली आणि दोन दिवसांनी परत रक्त तपासलं. निभावलं, पण चूक माझी होती. अँटिबायोटिक, बुरशीवरचं औषध, काहीही नवं सुरू झालं की त्याच आठवड्यात आयएनआर. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. पॅरासिटामॉल, तेही मोजकं. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या ठोके वाढवतात. दात काढायचा असेल किंवा कंबरेत इंजेक्शन घ्यायचं असेल, तर आधी सांगा आणि रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

विळीने बोट कापलं की मी आता पदर गुंडाळून दहा मिनिटं दाबून बसते, मधे उघडून बघत नाही. डोकं आपटलं तर मात्र टेंगूळ नसलं तरी हॉस्पिटल. शौचाला डांबरासारखी काळी झाली तरीही.

नाडी रोज सकाळी डबे गेल्यावर बघते. पाच मिनिटं बसायचं, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तीन बोटं, आणि पूर्ण साठ सेकंद मोजायचं. एएफमध्ये पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं फसवतं. मशीनवर बीपी घेत असाल तर तीनदा घ्या. मला बसल्या जागी शंभराच्या आत राहायला सांगितलंय. त्यासाठी मेटोप्रोलॉल आहे. लघवीची गोळीही आहे. ती मी डॉक्टरांना विचारून डबे संपल्यावर घेते, कारण पोळ्या लाटताना तीनदा उठता येत नाही, आणि लोकलमध्ये तर विचारूच नका.

माझ्याकडे पोळ्या लाटायला दोन मुली आहेत. त्यांना मी एक गोष्ट घोकून घेतलीय. मी विचित्र वागले, पडले, तर तीन गोष्टी करायला सांगायच्या: हस, दोन्ही हात वर कर, "आज भाजी काय आहे" हे म्हण. तोंड वाकडं, हात खाली, जीभ जड, यांतलं एक जरी दिसलं तरी 108. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, किती वाजता सुरू झालं ते बघायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि देण्याआधी डॉक्टरांना माझ्या रक्ताच्या गोळीचं कळायला हवं. म्हणून बटव्यात एक चिठ्ठी असते, त्यावर गोळ्यांची नावं, डोस आणि शेवटचा आयएनआर. छातीत दुखलं, घेरी येऊन पडले, दम थांबेना, तरी हेच.

धाकटीने परवा मला मुद्दाम तपासलं. मी हसले, हात वर केले आणि म्हटलं, "आज दोडका." ती म्हणाली, "मावशी, आज बुधवार. माठ आहे."