शहराच्या मध्यभागी असलेल्या चर्चचा इतिहास कसा लिहावा : खानदेशातील स्थानिक अभ्यासकांसाठी

खानदेशातील शहरांचा इतिहास लिहिताना कापूस, गिरण्या, रेल्वे आणि स्वातंत्र्यचळवळ यांना भरपूर पाने मिळतात. भर वस्तीतले चर्च मात्र ‘इंग्रजांच्या काळातील जुनी वास्तू’ एवढ्या एका ओळीत आटोपले जाते. वास्तविक ज्या काळात जन्म, विवाह व मृत्यू यांच्या सरकारी नोंदी तुटपुंज्या होत्या, त्या काळात चर्चने त्या नियमाने ठेवल्या, आणि आजही पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) लावलेल्या विवाहाला कायद्याचे बळ असते. म्हणून चर्चचा अभ्यास धर्मस्थळाइतकाच एक नागरी संस्था म्हणून करावा आणि सुरुवात कोनशिलेपासून न करता कागदांपासून करावी.

सर्वप्रथम आपले चर्च कोणत्या परंपरेचे आहे हे निश्चित करावे, कारण कागद कोठे सापडतील ते त्यावरच अवलंबून असते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात युरोपीय व अँग्लो-इंडियन कामगारांसाठी प्रार्थनागृहे उभी राहिली. नंदुरबार-नवापूरकडे स्वीडिश अलायन्स मिशनने आदिवासी भागात काम केले. कॅथलिक चर्चचा कारभार याहून स्वतंत्र. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) चर्चचा समावेश २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये झाला. सर्वच मिशनमंडळ्या मात्र या एकीकरणात सामील झाल्या नाहीत. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील विभाग) १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या पत्रव्यवहाराचा शोध पुण्यापासून सुरू करावा. जुन्या कागदांत शोधताना हेही ध्यानात ठेवावे, की १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, त्यानंतर पूर्व व पश्चिम खानदेश झाले, आणि नंदुरबार जिल्हा तर १९९८ सालचा आहे. त्या त्या काळातील जिल्ह्याच्या नावाखाली शोधले नाही, तर हातात असलेला कागदही सापडत नाही.

यानंतर पाळकांची किंवा फादरांची लेखी परवानगी घेऊन रजिस्टरे पाहावीत. मंडळीच्या (चर्चच्या सभासद-समुदायाच्या) समितीलाही पत्र द्यावे, कारण जुनी कपाटे समितीच्या ताब्यात असण्याचा संभव असतो आणि डावलले गेल्याची भावना झाली की किल्ली हरवते. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात बालकाचे नाव, जन्माची व बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. यांतील व्यवसायाचा रकाना शहराच्या इतिहासासाठी सर्वांत मोलाचा होय. दहा-दहा वर्षांचे टप्पे पाडून फायरमन, फिटर, गार्ड, शिपाई, शिक्षक, शेतमजूर अशी वर्गवारी करावी, म्हणजे शहर कोणाच्या कष्टावर वाढत गेले आणि मंडळीत स्थानिक मराठी कुटुंबे कधीपासून वाढू लागली, हे डोळ्यांसमोर येते. दफनाच्या रजिस्टरात मृत्यूचे कारण लिहिलेले असल्यास प्लेग, पटकी, देवी यांच्या साथी महिन्यागणिक मांडता येतात. विशेषतः १८९६ नंतरची प्लेगची वर्षे आणि १८९९-१९०० चा छप्पनचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ बारकाईने तपासावा. रजिस्टर हरवले असले तरी निराश होऊ नये. मुंबई इलाख्यातील चर्चनी वर पाठविलेल्या नोंदींच्या प्रती, प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहात ‘एन/३’ या मालिकेत जतन केलेल्या आहेत.

विवाहाचे रजिस्टर वेगळ्या नजरेने वाचावे लागते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार परवानाप्राप्त पाळक विवाह लावतो, त्याची विहित नमुन्यात नोंद करतो आणि त्या नोंदीची प्रत शासनाकडे पाठवितो. विवाह सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत लावावा, असा सर्वसाधारण नियमही त्या कायद्यात आहे. येथे पाळक एकाच वेळी मंडळीचा सेवक आणि शासनाचा नोंदणीदार असतो. चर्चच्या नागरी भूमिकेचा याहून सबळ पुरावा शोधायची गरज नाही.

इमारतीकडे वळताना तीन तारखांची गल्लत टाळावी : मंडळी स्थापन झाल्याची तारीख, कोनशिला बसविल्याची तारीख आणि वास्तूच्या अर्पणविधीची तारीख. शताब्दी स्मरणिकांमध्ये या तिन्ही सर्रास एकमेकींच्या जागी छापल्या जातात आणि पुढे वर्तमानपत्रे तीच चूक उचलतात. भिंतींवरील स्मृतिफलक अक्षरशः उतरवून घ्यावेत. घंटेवर ओतणाऱ्या कारखान्याचे नाव व साल असल्यास तेही टिपावे, मात्र घंटा दुसरीकडून आणलेली असू शकते. छपराची डागडुजी चालू असेल तर एखादे मंगलोरी कौल उलटे करून पाहावे. त्यावर कारखान्याचे नाव उठविलेले असते. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, त्यामुळे त्या छापाचे कौल त्याआधीचे असणे शक्य नाही. एवढ्यावरून वास्तूचे वय ठरविण्याची घाई मात्र करू नये, कारण भिंती आधीच्या आणि छप्पर नंतरचे असे असू शकते.

जागेच्या इतिहासासाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक व जुन्या फेरफार नोंदी घ्याव्यात, तर धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या परिशिष्ट एकचा (विश्वस्त व मालमत्ता यांच्या नोंदीचा) उतारा आणि बदल अर्जांची माहिती मिळवावी. जागेविषयी दावा चालू असल्यास कोणत्याही बाजूचे म्हणणे आपले म्हणून लिहू नये.

नागरी भूमिका लिहिताना ‘समाजकार्यात मोलाचे योगदान’ असली वाक्ये निक्षून टाळावीत. त्याऐवजी शाळेचे हजेरीपट, दवाखान्याच्या वह्या, नगरपालिकेचे ठराव, शांतता समितीच्या बैठकांना पाळकांना आलेली निमंत्रणे असा ठोस पुरावा जमवावा. माझ्या मते या सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे मंडळीची जमाखर्चाची वही. कापणीच्या सणाला शेतकरी कुटुंबे देवापुढे ज्वारीची कणसे, केळीचा घड, भरिताची वांगी, क्वचित कोंबडीही आणतात आणि उपासनेनंतर आवारातच त्यांचा लिलाव होतो. त्या लिलावाची रक्कम, आणि लिहिणारा काटेकोर असेल तर वस्तूंची यादीसुद्धा, वहीत सापडते. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागेची पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर त्या वर्षी शेतात काय पिकले आणि मंडळीने मदतीसाठी काय खर्च केले, हे सरकारी अहवालाइतकेच स्पष्ट दिसू शकते.

कागदांची पडताळणी मुलाखतींनी करावी. केवळ माजी पाळकांना विचारून थांबू नये. दफनभूमीची राखण करणारा, मिशनच्या शाळेत शिकलेल्या इतर धर्मांच्या आजीबाई, आवाराच्या फाटकासमोर पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालविणारे कुटुंब यांच्याकडून निराळीच माहिती मिळते. ‘चर्चविषयी सांगा’ असा मोघम प्रश्न विचारल्यास मोघमच उत्तर येते. नाताळात फराळाचे ताट कोणाकडून कोणाकडे जात असे, घंटेच्या आवाजावर कोणती कामे चालत, दंगलीच्या किंवा संचारबंदीच्या दिवसांत आवारात कोण थांबले, असे नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तर अहिराणीत आले तर ते अहिराणीतच उतरवून घ्यावे. धर्मांतराचा विषय बहुतेक ठिकाणी निघतोच. तेथे कुटुंबाने स्वतः सांगितलेली कथा आणि मिशनच्या अहवालातील कथा वेगवेगळ्या ठेवून दोन्ही लिहाव्यात. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक हाती लागल्यास मंडळ्यांच्या बातम्यांसाठी ते जरूर चाळावेत.

लेखन छापण्यापूर्वी अलीकडच्या पिढ्यांतील सर्व नावे गाळावीत. दत्तक, अनौरस जन्म आणि मूळ जात यांविषयीच्या नोंदी तर कितीही जुन्या असल्या तरी ओळख पटणार नाही अशा रीतीनेच वापराव्यात. रजिस्टरांची छायाचित्रे घेतली असल्यास त्यांचा एक संच मंडळीला द्यावा, आणि समितीची संमती मिळाल्यास दुसरा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला किंवा जिल्हा ग्रंथालयाला द्यावा. प्रत्येक छायाचित्रावर रजिस्टराचे नाव, पान क्रमांक व दिनांक लिहिलेला असावा.