पदकाच्या कडेवरून पणजोबांची पलटण कशी शोधायची

'आमचे पणजोबा बसऱ्याला लढाईवर होते' एवढंच बऱ्याच घरांत उरलेलं असतं. पण इराकमधल्या बसऱ्याला हिंदी फौज दोनदा उतरली, नोव्हेंबर 1914 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 1941 मध्ये. त्यामुळे लढाई पहिली की दुसरी, म्हणजे पहिलं महायुद्ध की दुसरं, हे आधी ठरवा. नाहीतर पुढचा सगळा शोध भलत्याच वाटेने जातो.

ट्रंकेत पदक असेल तर त्यावरचा राजा पाहा. चांदीच्या रंगाच्या गोल पदकावर मुकुट नसलेला पाचवा जॉर्ज असेल तर पहिली लढाई, मुकुट घातलेला सहावा जॉर्ज असेल तर दुसरी. इंद्रधनुषी फितीचं, पंखवाल्या देवतेचं पितळी रंगाचं पदकही पहिल्याच लढाईचं. लाल-पांढरी-हिरवी फीत दुसऱ्या लढाईतल्या इटलीच्या मोहिमेची.

आता कड वाचा. पहिल्या लढाईच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत असते. 1914-15 च्या ताऱ्यावर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. खोलीत अंधार करा, बॅटरी बाजूने तिरपी धरा आणि भिंगातून पाहत पदक हळूहळू फिरवा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि झिजलेला आकडाही उमटून दिसतो. पदक चिंच, राख किंवा पॉलिशने अजिबात घासू नका. घरोघरी दिवाळीला घासून घासूनच ही अक्षरं गेली आहेत, आणि गेलेला नंबर परत येत नाही.

पलटणीच्या आकड्यात हमखास गोंधळ होतो. 1922 मध्ये जुन्या मराठा पलटणींना नवे नंबर मिळाले: 103 ची 1/5 झाली, 105 ची 2/5, 110 ची 3/5, 116 ची 4/5 आणि 117 ची 5/5. यातला पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा. म्हणजे 3/5 ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. पहिल्या लढाईतली 103, 110 किंवा 117 निघाली तर इराकमधल्या कूतच्या वेढ्याची चौकशी जरूर करा. ते ठाणं 29 एप्रिल 1916 ला पडलं आणि तिथले शिपाई कैदेत गेले.

माणूस परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, युद्धात मेलेल्या शिपायांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची ऑनलाइन नोंदवही पाहा. नावापेक्षा नंबर टाकून शोधा, कारण कारकुनांनी आडनावं कानाला लागली तशी लिहिली, काही ठिकाणी गाळलीही. नोंदीत वडिलांचं आणि गावाचं नाव असेल तर तेवढं जुळलं तरच आपला माणूस धरा, एकाच नावाचे शिपाई पुष्कळ होते. परत आलेल्यांची नावं या वहीत नसतात. त्यांच्यासाठी डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा (फौजेच्या टपालाचा) शिक्का जपा. फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूही सोडू नका. पेन्सिलीतली ओळ आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो.

घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर हे काम आधी. त्यांना साल विचारू नका. आगबोटीत किती दिवस गेले, रेशनला काय मिळायचं, थंडी होती की वाळू, कोणत्या साहेबाचं नाव घ्यायचे, येताना काय आणलं, असं विचारा. त्यांनी उच्चारलेलं गावाचं नाव तसंच्या तसं लिहा, नकाशातलं नाव शेजारी वेगळं लिहा.