नवीन विमान कंपनीची बातमी आली, ती उडणार का हे कसं तपासायचं?

"सांबऱ्याच्या विमानतळावरून नवीन विमान सुरू होऊलालंय म्हणं" असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतोच. वर कंपनीचा लोगो, एअर होस्टेसचा फोटो, आणि खाली कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, ग्राउंड स्टाफ भरती सुरू, सीट लिमिटेड, आजच फी भरा. भरू नका लगेच. आधी खालचं बघा, सगळं मोबाईलवरच होतं.

पहिलं म्हणजे बातमीत एनओसी (ना हरकत पत्र) लिहिलंय की एओसी (विमानसेवा चालवायचा परवाना) ते नीट वाचा, कारण निम्मा घोळ इथंच होतो. एनओसी देतं विमान वाहतूक मंत्रालय, आणि ती म्हणजे स्थळ पसंत पडलं एवढंच, अक्षता लांब आहेत अजून. एओसी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणारं सरकारी खातं, देतं, त्यासाठी विमान हातात लागतं, पायलट, इंजिनिअर, मेंटेनन्सची सोय, मॅन्युअल सगळं तपासतात, आणि शेवटी डीजीसीएचे अधिकारी बसवून प्रूव्हिंग फ्लाइट, म्हणजे चाचणीची फेरी, घ्यावी लागते. एओसीशिवाय पॅसेंजर बसवता येत नाही, विषय संपला.

अकासा विमान कंपनीचं बघा की, एनओसी ऑक्टोबर २०२१, पहिलं विमान जून २०२२, एओसी जुलैत, त्यानंतर बुकिंग उघडलं आणि ७ ऑगस्टला पहिली फ्लाइट. कामं या क्रमाने होतायत का तेवढं बघायचं. विमान यायच्या आधीच कुणी तिकीट विकूलालंय तर तिथंच थांबा.

खरं एओसी मिळाली म्हणजे उडालीच असंही नाही हां. जेट एअरवेज परत सुरू करायला नवीन मालक आले, मे २०२२ मध्ये प्रूव्हिंग फ्लाइट झाल्या, २० मे ला एओसी पण मिळाली, पेपरात फोटो आले, आणि पॅसेंजर घेऊन एक फेरी काय झाली नाही. पैशाचं आणि बँकांचं भांडण कोर्टात गेलं, ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी लिक्विडेशनमध्ये काढायला, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायला सांगितलं. म्हणून कागदाबरोबर पैसा कुणाचा आहे तेही बघायचं.

विमान खरंच आलंय का? भारतातल्या विमानावर व्हीटी ने सुरू होणारा नंबर असतो. कॉम्प्युटरवर रंगवलेल्या चित्रात तो बहुतेक नसतो, फोटो मोठा करून बघा.

मग कंपनी जे बोलते ते नियमात बसतं का बघा. केरळ सरकारने २००५ ला एअर केरळ काढायचं ठरवलं, गल्फच्या लोकांसाठी स्वस्त विमान. कल्पना चांगली होती, खरं तेव्हा परदेशात उडायला देशात ५ वर्षं अनुभव आणि २० विमानं लागायची, मग गल्फला जाणार कसं? ५ वर्षांची अट २०१६ ला गेली, २० विमानांची तशीच राहिली, सरकारची ती कंपनी काय उडाली नाही. २०२४ ला त्याच नावाने एका खासगी कंपनीला मिळाली ती पण एनओसीच.

शेअर घ्या म्हणून कुणी मागे लागलं तर अमेरिकेतल्या बाल्टिया विमान कंपनीची गोष्ट सांगा त्याला. १९८९ ला स्थापन, न्यूयॉर्क ते सेंट पीटर्सबर्ग जाणार होती, जुनं बोइंग ७४७ विमान पण आणलं, वर्षानुवर्षं शेअर विकले आणि तिकिटाचा एक पॅसेंजर नेला नाही.

आपल्याकडे उडानचं, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेचं, वेगळंच. रूट मंजूर झाला की लोक फटाके लावतात. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या रिपोर्टमध्ये उडान-३ (योजनेची तिसरी फेरी) पर्यंतच्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत असं आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे यादीत बेळगाव दिसलं म्हणून पुढच्या महिन्यातलं लग्न त्या विमानावर ठरवू नका, रेल्वेचं तिकीट काढून ठेवा. सगळेच फेकतात असंही नाही, कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची स्टार एअर २०१९ ला उडाली की.

तिकीट घ्यायचंच असेल तर एजंटला कॅश देऊ नका, पीएनआर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. आणि क्लासवाला "आमचं टायअप आहे" म्हणाला तर कंपनीची एओसी कधीची, ऑफर लेटर कुठल्या ईमेलवरून येणार, एवढंच विचारा. कागद दाखवला तर मग फीचं बोला.